हिंसक घटनास्थळी पॅरामेडिकची सुरक्षा

हिंसक घटनास्थळी पॅरामेडिकची सुरक्षा हा आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या प्रशिक्षणाचा आणि कार्यपद्धतीचा एक भाग आहे. गोळीबार, चाकूहल्ला, घरगुती मारहाण, दंगल, बॉम्बस्फोट किंवा हिंसक झालेला रुग्ण अशा ठिकाणी रुग्णवाहिकेचे पथक मदतीला जाते. त्या वेळी पथकाने रुग्णापर्यंत कसे पोहोचावे, कोठे थांबावे आणि केव्हा माघार घ्यावी, याचे नियम या भागात येतात. पॅरामेडिक निःशस्त्र असतो, त्याला अटकेचा अधिकार नसतो आणि उपचार करताना त्याचे दोन्ही हात व नजर रुग्णात गुंतलेली असते. त्यामुळे पोलिसांसाठी तयार केलेले सुरक्षेचे नियम त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

या विषयात दोन तत्त्वे परस्परांना छेद देतात. पहिले तत्त्व असे की पथकाची सुरक्षा आधी, रुग्ण नंतर. कारण जखमी झालेला पॅरामेडिक कोणाला वाचवू शकत नाही, उलट त्याच्यासाठी आणखी एक रुग्णवाहिका पाठवावी लागते. दुसरे तत्त्व शरीरशास्त्राचे आहे. मोठी रोहिणी फाटलेला माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने दगावू शकतो आणि पथक बाहेर सुरक्षित उभे असले म्हणून तो रक्तस्राव थांबत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्रात झालेले बहुतेक बदल या दोन तत्त्वांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नातून झाले आहेत.

धोक्याचे स्वरूप

सर्वसाधारण समजुतीत पॅरामेडिकला धोका असतो तो बंदूकधारी हल्लेखोराकडून. प्रत्यक्षात त्याच्यावरील बहुतेक हल्ले रुग्ण स्वतः, त्याचे नातेवाईक किंवा भोवती जमलेले लोक करतात आणि त्यांचे स्वरूप ढकलणे, ठोसा मारणे, चावणे, थुंकणे, वस्तू फेकणे असे असते. मद्य व अमली पदार्थांचा अंमल, मानसिक आजाराची तीव्र अवस्था आणि मदत उशिरा आल्याचा संताप ही त्यामागची नेहमीची कारणे होत.

आणखी एक कारण वैद्यकीय आहे आणि ते सहज नजरेतून सुटते. रक्तातील साखर अतिशय कमी झालेला मधुमेही, डोक्याला मार लागलेला अपघातग्रस्त, प्राणवायू कमी पडत असलेला दमेकरी आणि अपस्माराच्या झटक्यातून नुकताच बाहेर येणारा रुग्ण हे सर्व दारुड्यासारखे बरळू शकतात व अंगावर धावून येऊ शकतात. अशा रुग्णाला गुंड समजून वागवले तर पथकाची सुरक्षाही साधत नाही आणि उपचारही चुकतो. आक्रमक रुग्णाच्या रक्तातील साखर व प्राणवायूची पातळी शक्य होताच तपासावी, हा नियम त्यामुळेच रूढ झाला.

जिवाच्या धोक्याचा विचार केल्यास हिंसाचार हा या व्यवसायातील मृत्यूचे पहिले कारण नाही. अमेरिकेत १९९२ ते १९९७ या काळातील मृत्यूंच्या अभ्यासात आपत्कालीन वैद्यकीय कर्मचाऱ्यांचा कामावरील मृत्युदर दर लाखामागे १२.७ इतका आढळला. त्या काळात सर्व व्यवसायांची राष्ट्रीय सरासरी ५.० होती. त्यांपैकी बहुसंख्य मृत्यू वाहनांच्या अपघातांत झाले होते. घटनास्थळी पोहोचण्याच्या घाईत अपघात होणे हा हल्ल्याइतकाच खरा धोका आहे, हे हिंसक घटनांच्या चर्चेत बरेचदा विसरले जाते.

पोहोचण्यापूर्वी

पथकाची सुरक्षा नियंत्रण कक्षात सुरू होते. फोन करणाऱ्याला विचारलेले दोन-तीन प्रश्न पुढचा सगळा निर्णय बदलू शकतात. मारणारा अजून तेथे आहे काय? त्याच्याकडे शस्त्र आहे काय? जखम कशाने झाली? अनेक देशांत पूर्वी हल्ला झालेल्या पत्त्यांची नोंद संगणकात ठेवली जाते आणि त्या पत्त्यावरून पुन्हा फोन आला की पथकाला आपोआप सूचना मिळते. तरीही अपुरी माहिती हा या कामाचा स्थायीभाव आहे. ‘पडून लागले’ असे सांगितलेली जखम चाकूची निघते आणि ‘बेशुद्ध’ म्हणून कळवलेला माणूस दार उघडायला स्वतः येतो.

हिंसाचाराची शंका असल्यास पथक घटनास्थळापासून काही अंतरावर, तेथून दिसणार नाही अशा जागी थांबते आणि पोलिसांनी जागा ताब्यात घेतल्याचा निरोप येईपर्यंत पुढे जात नाही. या थांबण्याला व्यवसायात ‘स्टेजिंग’ म्हणतात. दिसणार नाही अशी जागा निवडण्यामागे व्यावहारिक कारण आहे. रुग्णवाहिका दिसली की नातेवाईक धावत येतात आणि मग ती उभी का, याचे उत्तर देणे अशक्य होते. थांबलेल्या रुग्णवाहिकेभोवती जमलेला जमाव हा स्वतःच एक हिंसक प्रसंग ठरू शकतो.

शेवटच्या टप्प्यात सायरन व लुकलुकते दिवे बंद करण्याचीही प्रथा आहे. वाहन थेट दारासमोर उभे न करता थोडे पुढे किंवा मागे लावले जाते. घर ओलांडून थोडे पुढे थांबल्यास त्याच्या तीन बाजू पाहता येतात. वाहनाचे तोंड बाहेर पडण्याच्या दिशेला असावे, मागे दुसरी गाडी लागून वाट अडू नये आणि किल्ली चालकाजवळ असावी, या सूचना क्षुल्लक वाटतात. पण अरुंद गल्लीत गर्दीच्या देखत वाहन वळवत बसण्याची वेळ आलेल्या चालकाला त्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दारापासून रुग्णापर्यंत

दार ठोठावताना त्याच्या समोर उभे राहू नये. कडी किंवा मुठीच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाने उभे राहावे, असे शिकवले जाते. रात्री विजेरी छातीसमोर न धरता अंगापासून दूर, बाजूला धरतात, कारण अंधारात प्रकाशाच्या उगमावरच नेम धरला जातो. आत गेल्यावर बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता, खोलीत आणखी कोण आहे, त्यांचे हात दिसतात काय, हातापाशी काय ठेवले आहे, हे रुग्णाकडे वाकण्यापूर्वीच पाहून घ्यायचे असते.

स्वयंपाकघराबाबत विशेष सावधगिरी सांगितली जाते. घरगुती भांडण मिटवून बोलण्यासाठी लोक सहजपणे तेथे जातात, पण सुरी, विळी, उकळते पाणी आणि जड भांडी यांमुळे ती घरातील सर्वांत शस्त्रसज्ज खोली असते. शक्य असल्यास रुग्णाला लवकर रुग्णवाहिकेत आणून उपचार तेथे सुरू करतात. घरगुती मारहाणीच्या प्रसंगात याचा आणखी एक फायदा होतो. मारणाऱ्याच्या उपस्थितीत पीडित व्यक्ती खरे बोलत नाही; बंद दारामागे ती बोलू शकते.

दोन जणांच्या पथकात कामाची विभागणी ठरलेली असते. एक जण उपचार करतो, दुसरा साहाय्य करतानाच खोलीकडे, दाराकडे आणि लोकांच्या हालचालींकडे लक्ष ठेवतो. ही पद्धत पोलिसांकडून घेतलेली आहे, मात्र पोलिसांप्रमाणे दुसऱ्या माणसाला केवळ पहारा देता येत नाही. त्याच्याही हातात सलाईनची बाटली असते. म्हणून आधीच ठरवलेला सांकेतिक शब्द उपयोगी पडतो. गाडीतून अमुक पिशवी आणायची आहे, असे साधे वाक्य उच्चारताच दोघेही बाहेर पडतात आणि समोरच्याला संशय येत नाही. बिनतारी संचावरूनही असाच एखादा शब्द बोलल्यास नियंत्रण कक्षाने प्रश्न न विचारता पोलिसांना पाठवायचे असते.

रुग्णाच्या अंगावर किंवा जवळपास शस्त्र सापडल्यास ते हाताळणे पॅरामेडिकचे काम नाही. पथक बाजूला होते व पोलिसांना बोलावते. जखमी माणूस बळीच असेल असे नाही, तो हल्लेखोरही असू शकतो आणि कित्येकदा दोन्ही असतो.

बोलणे हे साधन

हिंसा टाळण्याच्या साधनांत बोलण्याला पहिले स्थान आहे. पथकातील एकानेच बोलावे, आवाज चढवू नये, वाक्ये छोटी असावीत, हात दिसतील असे ठेवावेत, समोरच्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर आणि किंचित तिरके उभे राहावे, पाळता येणार नाही असे आश्वासन देऊ नये, असे प्रशिक्षणात सांगितले जाते. ‘शांत व्हा’ या शब्दांनी क्वचितच कोणी शांत होते. त्याऐवजी आता काय करणार आहोत आणि किती वेळ लागेल, हे सांगितल्याचा परिणाम अधिक होतो. गर्दीत ज्याचे इतर ऐकतात असा एखादा वडीलधारा माणूस हेरून त्याच्याशी बोलणे, त्याच्यावर वाट मोकळी करण्याचे काम सोपवणे, ही युक्ती पुस्तकांपेक्षा अनुभवातून अधिक शिकली जाते.

माघार

माघार घेणे ही या कार्यपद्धतीतील मान्य कृती आहे. धोका वाढल्यास उपकरणे तेथेच टाकून निघावे, असे स्पष्टपणे शिकवले जाते. हृदयाचा आलेख काढणारे महागडे यंत्र मागे ठेवायला कर्मचारी कचरतात आणि ते उचलण्यात गेलेले काही क्षणच घातक ठरू शकतात. ढकलगाडीसारखा स्ट्रेचर आपल्यात आणि हल्लेखोरात आडवा घालणे, पाठ न दाखवता दाराकडे सरकणे, दार ओढून घेणे या कृतींचा सराव करून घेतला जातो. गोळीबारात नजरेआड होणे आणि गोळी अडवणाऱ्या आडोशामागे जाणे यांतला फरकही शिकवला जातो. रुग्णवाहिकेचे दार किंवा पत्रा माणसाला लपवतो पण गोळी अडवत नाही. इंजिनाचा भाग ती बऱ्याच अंशी अडवू शकतो.

रुग्णाला सोडून जाणे हा एरवी व्यावसायिक अपराध मानला जातो. प्रत्यक्ष धोक्यामुळे घेतलेली माघार बहुतेक सेवांच्या नियमावलीत त्यात मोडत नाही, मात्र ती तात्काळ कळवणे, कारण नोंदवणे आणि सुरक्षित होताच परतणे अपेक्षित असते. नियम असे सांगत असला तरी मागे राहिलेल्या रुग्णाचा विचार कर्मचाऱ्याच्या मनातून नियमाने जात नाही.

प्रतीक्षेची किंमत

२० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. त्या दिवशी १२ विद्यार्थी व १ शिक्षक मृत्युमुखी पडले. तत्कालीन पद्धतीप्रमाणे पोलिसांनी परिसराला वेढा घातला, विशेष पथकाने एकेक खोली तपासत पुढे सरकायला सुरुवात केली आणि वैद्यकीय पथके बाहेर थांबली. हल्लेखोरांनी दुपारी बारानंतर थोड्याच वेळात आत्महत्या केली होती, पण बाहेर ते कोणाला ठाऊक नव्हते. गोळी लागलेले शिक्षक विज्ञानाच्या वर्गात तीन तासांच्या आसपास पडून होते. विद्यार्थ्यांनी आपले सदरे फाडून रक्त थांबवण्याचा प्रयत्न केला आणि आत एक जण रक्तस्रावाने मरत असल्याचा फलक खिडकीत लावला. मदत पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

त्या दिवशी सुरक्षेचे नियम मोडले गेले नव्हते, ते पाळले गेले होते. म्हणूनच या घटनेने नियमांचाच फेरविचार करायला लावले. पोलिसांनी विशेष पथकाची वाट न पाहता थेट हल्लेखोराकडे जावे, हा बदल प्रथम झाला. वैद्यकीय बाजूचा बदल त्यानंतर, सावकाश आला. त्याचा पाया लष्करी वैद्यकात होता. युद्धभूमीवरील उपचार तेथील धोक्याच्या टप्प्यानुसार ठरवावेत, ही मांडणी १९९६ मध्ये अमेरिकी लष्करी वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. पुढे तिच्यावरून नागरी सेवांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली.

या मांडणीत घटनास्थळाचे तीन पट्टे पाडतात. ‘हॉट झोन’मध्ये हल्ला प्रत्यक्ष चालू असतो, तेथे पॅरामेडिक जात नाही. ‘कोल्ड झोन’ पूर्ण सुरक्षित असून रुग्णवाहिका व उपचार केंद्र तेथे असते. खरा बदल मधल्या ‘वॉर्म झोन’बाबत झाला. तेथून पोलीस पुढे गेलेले असतात, हल्लेखोर दिसत नाही, पण धोका संपल्याची खात्री नसते. पूर्वी हा पट्टाही वैद्यकीय पथकांना वर्ज्य होता. आता सशस्त्र पोलिसांच्या संरक्षणात, चिलखती जाकीट व शिरस्त्राण घातलेले दोन-तीन पॅरामेडिक तेथे जातात. अशा संयुक्त तुकडीला ‘रेस्क्यू टास्क फोर्स’ म्हणतात. व्हर्जिनिया राज्यातील आर्लिंग्टन काउंटीच्या अग्निशमन दलाने ही पद्धत आरंभीच्या काळात विकसित केली. तुकडीजवळ सामान थोडेच असते: हातापायाला आवळून बांधायचे टूर्निकेट, जखमेत भरायच्या पट्ट्या, छातीच्या भोकावर लावायचे चिकट आच्छादन आणि श्वासमार्ग उघडा ठेवणारी नळी. हृदय बंद पडलेल्याला तेथे पुनरुज्जीवन दिले जात नाही. हा नियम कठोर आहे, पण त्या वेळात दुसऱ्या दोघांचा रक्तस्राव थांबवता येतो.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकट राज्यातील सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर २०१३ मध्ये त्याच राज्यातील हार्टफर्ड येथे शल्यचिकित्सक, पोलीस व आपत्कालीन सेवांचे प्रतिनिधी एकत्र आले. तेथील शिफारशी ‘हार्टफर्ड कन्सेन्सस’ म्हणून ओळखल्या जातात. हल्लेखोराला थोपवणे, रक्तस्राव रोखणे, जखमींना झटपट सुरक्षित जागी हलवणे, त्यांची तपासणी आणि रुग्णालयात नेणे, असा क्रम त्यांत मांडला आहे. रक्तस्राव रोखण्याचे काम पोलिसांनी आणि जवळ असलेल्या सामान्य माणसानेही करावे, असा त्यांचा आग्रह होता. २०१५ मध्ये सुरू झालेली ‘स्टॉप द ब्लीड’ ही जनशिक्षण मोहीम त्यातूनच निघाली. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमधील बाताक्लान सभागृहावरील हल्ल्यात फ्रेंच पोलिसांच्या विशेष दलांबरोबर असलेले डॉक्टर, हल्लेखोर इमारतीत असतानाच आत गेले आणि त्यांनी जखमींना बाहेर काढण्याचा क्रम ठरवला.

नियम बदलले म्हणून प्रतीक्षा संपली असे झाले नाही. २२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर अरेना येथे आत्मघातकी स्फोटात २२ जणांचा मृत्यू झाला. ब्रिटनमध्ये तोवर तिन्ही पट्ट्यांची पद्धत लिखित स्वरूपात होती, तिचे सरावही झाले होते. तरीही स्फोट झालेल्या दालनात पहिली सुमारे ४० मिनिटे एकच पॅरामेडिक काम करत होता आणि जखमींना बाहेर काढेपर्यंत तेथे एकूण तीनच पॅरामेडिक गेले. अग्निशमन दल दोन तासांहून अधिक काळ घटनास्थळी पोहोचलेच नाही. न्यायमूर्ती जॉन सॉन्डर्स यांच्या अध्यक्षतेखालील सार्वजनिक चौकशीचा या विषयावरील अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सशस्त्र हल्ला चालू असल्याचे गृहीत धरून पोलिसांनी जाहीर केलेली स्थिती इतर सेवांना कळवलीच गेली नव्हती आणि तिन्ही सेवांचे अधिकारी एका जागी एकत्र आले नव्हते, असे त्यात नोंदवले आहे. वेळेवर उपचार मिळाले असते तर मृतांपैकी एक जण बहुधा वाचला असता, असा निष्कर्षही त्यात आहे. सॉन्डर्स अहवालाचा रोख शौर्याच्या अभावावर नव्हता. कोणता भाग किती धोक्याचा आहे, हे ठरवून एकमेकांना सांगणारेच कोणी नव्हते, ही त्याची मुख्य तक्रार होती.

मदतीला येणाऱ्यांवरील हल्ले

प्रतीक्षेला विरोध करणाऱ्यांना दुसऱ्या बाजूच्या घटनाही विचारात घ्याव्या लागतात. १६ जानेवारी १९९७ रोजी अमेरिकेत अटलांटाजवळच्या सँडी स्प्रिंग्ज येथे एका गर्भपात केंद्रात स्फोट झाला. सुमारे तासाभराने, पोलीस व बचाव कर्मचारी जमलेले असताना वाहनतळाजवळ दुसरा स्फोट झाला आणि जखमींत त्यांचाही समावेश होता. दुसरा बॉम्ब मदतीला येणाऱ्यांसाठीच असू शकतो, ही जाणीव त्यानंतर अमेरिकेतील प्रशिक्षणाचा भाग झाली. स्फोटाच्या ठिकाणी बेवारस पिशवीजवळ वाहन न लावणे, पहिल्यांदा सुचेल तीच सोयीची जागा उपचार केंद्रासाठी न निवडणे, बिनतारी संच व मोबाइलचा वापर संशयित वस्तूपासून दूर करणे, ही काळजी त्यातून आली.

२४ डिसेंबर २०१२ रोजी पहाटे न्यू यॉर्क राज्यातील वेबस्टर येथे एका इसमाने घराला आग लावली आणि विझवायला आलेल्या स्वयंसेवी जवानांवर दबा धरून गोळ्या झाडल्या. त्यात दोघे ठार व दोघे जखमी झाले. आगीच्या वर्दीत हिंसाचाराची कोणतीही खूण नव्हती.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनमधील काही वस्त्यांत रुग्णवाहिका लुटण्याचे प्रकार इतके वाढले की त्या ‘रेड झोन’ ठरवण्यात आल्या. तेथे जाण्यापूर्वी रुग्णवाहिका पोलीस ठाण्यात पहाऱ्यासाठी थांबते. कर्मचाऱ्यांना त्याने संरक्षण मिळते. पण प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या किंवा हृदयविकाराचा झटका आलेल्या त्या वस्तीतील माणसाची, ज्याने कोणावर हात उगारलेला नाही, प्रतीक्षा लांबते.

युद्धक्षेत्रात वैद्यकीय पथकांना १९४९ च्या जिनिव्हा करारांचे संरक्षण आहे. त्याचे उल्लंघन वाढल्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३ मे २०१६ रोजी ठराव २२८६ संमत करून वैद्यकीय कर्मचारी, वाहने व रुग्णालये यांवरील हल्ल्यांचा निषेध केला. शहरातील भांडणाला किंवा गुन्ह्याला हे करार लागू होत नाहीत. तेथे देशाचा साधा कायदाच काय तो आधार असतो.

जखडणे आणि त्यातील धोका

हिंसक रुग्णाला बांधून ठेवण्याची वेळ येते तेव्हा धोक्याची दिशा उलटते. पालथे झोपवून पाठीवर दाब दिल्यास श्वास कोंडून मृत्यू येऊ शकतो. त्यामुळे बांधलेल्या रुग्णाला नेहमी उताणे किंवा कुशीवर ठेवणे आणि त्याचा श्वास, नाडी व प्राणवायू सतत पाहणे बंधनकारक मानतात. गुंगीचे औषध देताना वजनाचा अंदाज, मात्रा आणि त्यानंतरचे निरीक्षण यांत चूक झाल्यास तेही जीवघेणे ठरते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोलोरॅडोतील ऑरोरा येथे पोलिसांनी मान आवळून जेरबंद केलेल्या एलायजा मॅक्लेन या २३ वर्षीय तरुणाला पॅरामेडिकांनी केटामाइनची त्याच्या वजनाच्या मानाने जास्त मात्रा टोचली आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने दोन पॅरामेडिकांना निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवले. पोलिसांनी रुग्णाचे वर्णन काय केले यावर विसंबून न राहता पॅरामेडिकने स्वतः तपासणी करावी, हा मुद्दा या खटल्यामुळे व्यवसायात ठळक झाला.

साधने व पुरावे

गोळीरोधक जाकीट चाकूपासून संरक्षण देईलच असे नाही. दोन्हींची रचना वेगळी असते. जाकीट जड व उष्ण असल्याने उष्ण हवामानात ते दिवसभर वापरणे कठीण जाते. पोलिसांसारखा दिसणारा गणवेश काही वस्त्यांत धोका वाढवतो, म्हणून अनेक सेवांनी मुद्दाम वेगळे रंग निवडले आहेत. गळ्यातील स्टेथोस्कोप व ओळखपत्राची दोरी ओढून गळा आवळला जाऊ शकतो. त्यामुळे झटका बसताच सुटणाऱ्या दोऱ्या वापरल्या जातात. अंगावरील कॅमेऱ्यांचा वापर इंग्लंडमधील काही रुग्णवाहिका सेवांनी सुरू केला आहे.

गुन्ह्याच्या जागी पुरावा सांभाळणेही अपेक्षित असते. कपडे कापताना गोळीचे किंवा चाकूचे छिद्र टाळून कापतात, गाठ सोडण्याऐवजी गाठीपासून दूर कापतात, रक्ताळलेले कपडे प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवतात आणि आत जायला व बाहेर यायला एकच वाट वापरतात. जीव वाचवण्याच्या आड मात्र पुरावा येऊ दिला जात नाही.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात १०८ क्रमांकाची सेवा २००५ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली; त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक सुविधांच्या होत्या. येथील रचनेचे वैशिष्ट्य असे की रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि चालकाला ‘पायलट’ म्हटले जाते. दोघांच्या या पथकात पहारा ठेवण्याची जबाबदारी बहुधा पायलटवर पडते. पोलिसांची मदत मिळवून देणाऱ्या ११२ क्रमांकाचा नियंत्रण कक्ष वेगळा असल्याने दोन्ही नियंत्रण कक्षांतील संपर्कावर बरेच अवलंबून असते.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी राज्यात ही सेवा नव्हती. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार करून निघालेले दोन दहशतवादी कामा रुग्णालयात शिरले. परिचारिकांनी वॉर्डांची दारे बंद करून दिवे मालवले आणि गर्भवती स्त्रियांना आत लपवले. ज्या ठिकाणी जखमींना सुरक्षित म्हणून न्यायचे तेच रुग्णालय हल्ल्याचे ठिकाण होऊ शकते, हे त्या रात्रीने दाखवले.

भारतातील पथकांना नेहमी भेडसावणारा प्रसंग मात्र जमावाचा असतो. रस्त्यावरील अपघातानंतर गर्दी जमते, धडक देणाऱ्या चालकाला मारहाण सुरू होते आणि उशिरा पोहोचल्याचा राग रुग्णवाहिकेवर निघतो. मारहाण झालेला चालक व अपघातातील जखमी दोघेही रुग्ण असतात, पण पहिल्याला आधी हात लावल्यास गर्दी बिथरू शकते. अशा वेळी जागेवर लांबलचक उपचार न करता रुग्णाला चटकन गाडीत घेऊन निघणे आणि तपासणी पुढे सुरक्षित ठिकाणी थांबून करणे पसंत केले जाते. मृत्यू झाल्याची घोषणा गर्दीत करणे टाळतात.

कोविड साथीच्या आरंभी, एप्रिल २०२० मध्ये, इंदूर येथे आरोग्य पथकावर दगडफेक झाली. त्याच महिन्यात चेन्नईत कोविडने मृत्यू पावलेल्या एका डॉक्टरांचे पार्थिव नेणाऱ्या रुग्णवाहिकेवर जमावाने हल्ला केला.

कायदे

महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा २०१० मध्ये झाला. डॉक्टर व परिचारिकांबरोबरच निमवैद्यकीय कर्मचारीही त्याच्या कक्षेत येतात. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी त्यात तरतूद आहे.

वर उल्लेखलेल्या घटनांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२० रोजी साथरोग अधिनियम १८९७ मध्ये दुरुस्ती करणारा अध्यादेश काढला व सप्टेंबरमध्ये संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. हिंसाचारासाठी तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापतीसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावासाची शिक्षा त्यात आहे. फिरत्या वैद्यकीय पथकाच्या वाहनाचे नुकसानही गुन्हा ठरते. हे संरक्षण साथीच्या परिस्थितीपुरते मर्यादित आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये आपत्कालीन कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी २०१८ मध्ये वेगळा कायदा झाला आणि त्यातील कमाल शिक्षा २०२२ मध्ये एका वर्षावरून दोन वर्षे करण्यात आली. शिक्षेच्या भीतीने नशेत किंवा भ्रमात असलेला माणूस थांबतो काय, याबद्दल शंका घेतली जाते. सावध असलेल्या नातेवाइकांबाबत तिचा उपयोग अधिक संभवतो.

घटनेनंतर

हल्ल्यांच्या मोठ्या भागाची कोठेही नोंद होत नाही. शिवीगाळ आणि ढकलाढकल हा कामाचाच भाग आहे, अशी समजूत अनेक देशांतील कर्मचाऱ्यांत आढळते. तक्रार नोंदवायला पाळी संपल्यावर पोलीस ठाण्यात थांबावे लागते, पुढे साक्षीसाठी रजा काढावी लागते आणि निकाल लागेपर्यंत नोकरीचे ठिकाणही बदललेले असते. नोंद नसल्याने नियंत्रण कक्षाच्या यादीत तो पत्ता येत नाही आणि पुढचे पथक त्याच दारापाशी अनभिज्ञपणे उभे राहते.

शारीरिक इजा भरून आल्यावरही झोप न लागणे, त्या भागातील वर्दी घ्यायला मन न धजणे, रुग्णांविषयी कडवटपणा येणे असे परिणाम टिकू शकतात. काही सेवांत हल्ल्यानंतर पथकाला त्या पाळीपुरते कामातून मोकळे केले जाते व समुपदेशनाची सोय दिली जाते. इतर ठिकाणी रुग्णवाहिका धुऊन पुढची वर्दी घेतली जाते.